बातमी आपली, बातमीदार कोण?



ब्लँचर्डस्टाउनमध्ये देसी चेहरे हॉस्पिटलात दिसतात, आयटी ऑफिसात दिसतात. बातम्या देणाऱ्यांत मात्र शोधावे लागतात. बातमीचा विषय म्हणून आपण बऱ्याचदा असतो. जून २०१७ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले (वडील याच भागातले डॉक्टर!), तेव्हा भारतातले चॅनलवाले थेट मालवण तालुक्यातल्या वराडला पोचले. ती झाली गंमत.

सविता हलप्पनवारची बातमी गंमत नव्हती. बेळगावची ही डेंटिस्ट २८ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या हॉस्पिटलात गेली. 'आयरिश टाइम्स'ने ते छापलं १४ नोव्हेंबरला, म्हणजे सतरा दिवसांनी. बातमीदार किटी हॉलंड तिच्या नवऱ्याशी बोलल्या तेव्हा तो बेळगावात होता. पुढे २०१८ च्या सार्वमतात गर्भपातबंदीचं घटनाकलमच गेलं. आपला कोणी असता तर याहून चांगलं लिहिलं असतं असं मी म्हणणार नाही, बाईंनी काम चोख केलं. पण आपल्या घरातलं किती काही पेपरपर्यंत पोचतच नाही, त्याचं काय? जुलै २०२५ मध्ये टॅलामध्ये एका भारतीयाला बेदम मारलं, तेव्हा बातमीआधी त्याच्याबद्दलच्या अफवाच पसरल्या. त्यात तथ्य नाही हे मग पोलिसांना सांगावं लागलं.

आपली माणसं तिथे का नाहीत? एक कारण अगदी रुक्ष आहे: वर्क परमिट. क्रिटिकल स्किल्सच्या यादीत इंजिनियर आहेत, नर्स आहेत, पत्रकार नाही. आणि आपल्याबरोबर आलेल्या नवरा-बायकोला मार्च २०१९ पर्यंत कामाची मुभा आपोआप मिळत नव्हती. पत्रकारितेची डिग्री मग कपाटात.

तरी काहींनी वाट काढली. चिनेदू ओन्येजेलेम आणि एबेल उग्बा या दोन नायजेरियनांनी २००० साली डब्लिनमध्ये 'मेट्रो एरन' हा पेपरच काढला. रॉडी डॉयलसारखा लेखक त्यात क्रमशः कथा लिहायचा! श्रीलंकन आईवडिलांची, रोममध्ये जन्मलेली डिल विक्रमसिंघे २०१७ पर्यंत न्यूजटॉक रेडिओवर 'ग्लोबल व्हिलेज' करायची. आपल्यापैकी कुणाचं नाव पटकन आठवत नाही बुवा.

आता जोडीदाराला स्टँप वन-जी मिळतो, वेगळं परमिट लागत नाही. ब्लँचर्डस्टाउनचं फीनिक्स एफएम ९२.५ हे कम्युनिटी रेडिओ स्टेशन तर स्वयंसेवकांवरच चालतं. पुण्या-मुंबईत पेपरात काम केलेल्या ज्या वहिनी किंवा भावजी इथे घरी बसलेत, त्यांना जरा विचारून बघा.