चावी फिरवण्याआधीचा प्रवास

विजेच्या गाडीबद्दल लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. चार्जिंग कधी करायचे, आणि एसी लावला तर गाडी किती कमी चालेल? मुळात हा एकच प्रश्न आहे. चाके फिरवणारी वीज आणि आतली हवा गार करणारी वीज एकाच साठ्यातून येते.

निसान कंपनीची 'लीफ' पाहू. २०१० च्या डिसेंबरात ती जपान-अमेरिकेत रस्त्यावर आली. भारतात ती सर्वसाधारण विक्रीला आली नाही, पण तिच्यातल्या सोयी आता इथल्याही अनेक गाड्यांत दिसतात. पहिल्या लीफची बॅटरी २४ युनिटांची होती. रिकामी बॅटरी घरच्या चार्जरवर भरायला साधारण आठ तास लागत.

म्हणून टायमर. त्यात चार्जिंग सुरू करण्याची आणि संपवण्याची वेळ भरता येते. नुसती संपवण्याची वेळ दिली, तर कधी सुरू करायचे हे गाडीच ठरवते. रमजानात सहरीची वेळ कधी संपते ते आधी पाहून आपण मागे मोजत गजर लावतो, तसेच हे. प्लग लावूनही गाडी गप्प राहते तेव्हा नवखा माणूस घाबरतो. बिघाड नसतो, ती वेळेची वाट पाहत असते. तातडी असेल तर टायमर बाजूला सारून लगेच चार्जिंग सुरू करणारे बटण आहे.

आता हवेचे. पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापतेच, त्या उष्णतेवर हीटर जवळजवळ फुकट चालतो. विजेच्या गाडीला ऊबही विकतच घ्यावी लागते. थंडीत सारी हवा तापवण्यापेक्षा गरम होणाऱ्या सीटवर कमी वीज लागते, ती त्यामुळेच. सगळ्यांत शहाणपणाची सोय म्हणजे निघण्याच्या वेळेचा एसी-टायमर. प्लग लावलेला असताना गाडी भिंतीतल्या विजेवर आतली हवा हवी तशी करून ठेवते आणि बॅटरीचा साठा प्रवासाला उरतो. मात्र साध्या सॉकेटमधून येणारी वीज मोजकीच. एसी आणि चार्जिंग एकाच वेळी चालले तर बॅटरी थोडी अपुरी भरू शकते. तेवढा अवधी हाताशी ठेवावा.

उन्हाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. लीफच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची यंत्रणा नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या कडक उन्हाळ्यात अनेक मालकांच्या लक्षात आले की बॅटरीची साठवणक्षमताच घटू लागली आहे. पुढे कंपनीने उष्णतेत जास्त टिकणारी बॅटरी आणली. अकोला-चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत: तापणे आणि काठोकाठ भरून तासन्‌तास पडून राहणे. लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय होती ती याचसाठी.

रोजच्या गावातल्या फेऱ्यांना ऐंशी टक्के पुष्कळ झाले. लांब जायचे असेल त्याच दिवशी शंभर टक्के भरावी, तीही सावलीत, आणि निघण्याच्या थोडेच आधी पूर्ण होईल अशा बेताने.