सुरी कुठे चालवायची?

१४ एप्रिल १९५० रोजी ब्रिटनमध्ये ‘ईगल’ हे मुलांचं साप्ताहिक सुरू झालं. पहिल्याच अंकात मधल्या पानांवर ब्रिटिश रेल्वेचं गॅस टर्बाइनवर चालणारं नवंकोरं इंजिन होतं, क्रमांक १८०००. लेस्ली अ‍ॅशवेल वुड या चित्रकाराने त्याचा बाजूचा पत्रा उतरवून आतली यंत्रं रंगीत मांडली होती. पुढे या पानांवर जहाजं, विमानं अशी कितीतरी यंत्रं उघडी झाली आणि एक अख्खी पिढी ती बघत वाढली.

मला स्वतःला मात्र रंगीत ‘ईगल’पेक्षा ‘फ्लाइट’मधली काळी-पांढरी चित्रं जास्त आवडतात. विमानाला वाहिलेल्या या साप्ताहिकात मॅक्स मिलर यांच्यासारखे चित्रकार शाईच्या रेघांवर सगळं काम भागवत. इंजिनियरिंगच्या वर्गात छेद शिकवतात तो सरळसोट असतो: वस्तू एका पातळीत कापा, कापलेल्या जागी हॅचिंगच्या तिरप्या रेघा मारा, झालं. छेदचित्रात, म्हणजे असं बाहेरचं आवरण काढून आतलं दाखवणाऱ्या चित्रात, तसं चालत नाही. इथे विमान यथार्थदर्शनात, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं तिरकं उभं असतं, आणि पत्रा कुठे फाडायचा हे दर वीतभर अंतरावर नव्याने ठरवावं लागतं. बहुतेकदा जवळच्या पंखाची कातडी काढतात, म्हणजे आतला सांगाडा (स्पार आणि रिब) आणि इंधनाच्या टाक्या दिसतात. लांबचा पंख झाकलेलाच ठेवतात, नाहीतर विमानाचा आकारच हरवतो. पुढची रेघ मागच्या रेघेवरून जाते तिथे मागची किंचित तोडायची. छापताना चित्र लहान होणार, तेव्हा पांढरी फट मिटून काळा डाग पडणार नाही इतकी मोकळी जागा आधीच सोडायची. मग आकडे घालायचे आणि खाली त्यांची यादी द्यायची.

यात खरी कसोटी बघणारं विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं विकर्स वेलिंग्टन. बार्न्स वॉलिस यांच्या रचनेमुळे या बॉम्बर विमानाचा सांगाडा टोपलीसारखा विणलेला होता: ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूच्या वळवलेल्या पट्ट्या एकमेकींना तिरप्या छेदत गेलेल्या, वरून कापड ताणलेलं. कापड काढणं सोपं, पण खाली जाळीच जाळी! ती पूर्ण रेखाटली तर आतली माणसं आणि बॉम्ब झाकले जातात, पुसली तर वेलिंग्टनचं वैशिष्ट्यच जातं. म्हणून जाळी थोडी दाखवायची आणि मध्येच तोडायची. प्रत्यक्षात असं तुटलेलं विमान क्षणभरही उडणार नाही, पण कागदावर तेच सगळ्यात खरं वाटतं.

इमारतींच्या बाबतीत सुरी जमिनीतही घालावी लागते. डिसेंबर १९२८मध्ये लंडनच्या पिकॅडिली सर्कसचं नवं भुयारी स्टेशन उघडलं. डग्लस मॅक्फर्सन यांनी त्याचं चित्र काढताना वरचा चौक, खालचा गोल तिकीट-हॉल, सरकते जिने आणि तळातले बोगदे एकाच पानावर आणले. रोज तिथून जाणाऱ्यालाही आपण नेमके कुठे उभे असतो हे कळायला असंच चित्र लागतं.

मात्र माझ्या मते या प्रकारातलं सगळ्यात विलक्षण चित्र या सगळ्यांच्या बरंच आधीचं आहे. जोसेफ गँडी यांनी १८३०मध्ये बँक ऑफ इंग्लंडची इमारत पक्ष्याच्या नजरेतून जलरंगात रंगवली. वास्तुकार जॉन सोन यांनी या बँकेवर ४५ वर्षं काम केलं होतं. गँडींनी छपरं उडवली, भिंती अर्ध्यावर तोडल्या, त्यामुळे दालनं, कमानी, अंगणं दिसू लागली. पण कडा इतक्या ओबडधोबड ठेवल्या की हा छेद आहे की भविष्यातले भग्नावशेष, यावर अजून वाद चालतो. मला तो वाद निकाली लागायला नको आहे.

पुढे १९२०च्या दशकात बँकेला जागा अपुरी पडू लागली. आतली बहुतेक दालनं पाडून नवी इमारत उभारण्याचं काम हर्बर्ट बेकर यांच्याकडे आलं. दिल्लीचे नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक बांधणारे हेच ते बेकर. त्यांनी सोन यांची बाहेरची भिंत बरीचशी राखली, आतलं बहुतेक गेलं.