ऑपरेशनआधीचे दोन महिने

ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात पोचलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाठ सापडलीय, मग लगेच काढत का नाहीत?

कारण जठराच्या भिंतीत खोल शिरलेल्या कर्करोगाच्या पेशी अनेकदा गाठीबाहेरही पांगलेल्या असतात, आणि त्या सर्जनला दिसत नाहीत. शिवाय जठर कापल्यावर खाणं घटतं, वजन उतरतं. तेव्हा केमो झेपणं अवघड. म्हणून ताकद असतानाच औषध द्यायचं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या ‘मॅजिक’ चाचणीत आधी-नंतर केमो घेतलेल्यांपैकी 36 टक्के रुग्ण पाच वर्षं जगले. नुसत्या शस्त्रक्रियेत 23 टक्के. पुढे जर्मनीतून ‘फ्लॉट’ ही चार औषधांची पद्धत आली: दोन-दोन आठवड्यांनी चार डोस, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार.

जोडीला रेडिएशन दिलं तर? कल्पना आकर्षक होती. ‘टॉपगिअर’ चाचणीने 574 रुग्णांवर ती तपासली. निकाल 2024 मध्ये आला. गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण 8 वरून 17 टक्क्यांवर गेलं, आयुष्य मात्र वाढलं नाही.

अन्ननलिकेच्या कर्करोगात रेडिएशनला अजून जागा आहे. जठरासाठी सरसकट नाही, त्यामुळे ‘आम्हाला शेक (म्हणजे रेडिएशन) का दिला नाही’ म्हणून हळहळण्याचं कारण नाही.