वजन वाढले, कस उतरला : गुप्तांची अखेरची सुवर्णनाणी

समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त आणि पहिला कुमारगुप्त यांची सोन्याची नाणी कुषाणांच्या मापाला धरून, पावणेआठ ते सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास होती. वीणावादक राजा, अश्वमेधाचा घोडा, सिंहाची किंवा गेंड्याची शिकार असे विषय त्यांवर येत. स्कंदगुप्ताच्या काळात, म्हणजे इ.स. ४५५ नंतर, हूणांची स्वारी परतवावी लागली. त्याच सुमारास सुमारे सव्वानऊ ग्रॅमचे जड नाणे निघाले. मात्र त्यातील सोन्याचे प्रमाण आधीपेक्षा कमी होते.

पुढच्या पिढ्यांनी हीच वाट धरली. सहाव्या शतकात नरसिंहगुप्त, तिसरा कुमारगुप्त आणि विष्णुगुप्त यांच्याकडे मगध आणि बंगालचा भागच प्रामुख्याने उरला होता. माळव्यात तोरमाण आणि मिहिरकुल या हूण राजांनी, नंतर यशोधर्म्याने सत्ता गाजवली. नाण्यांचे विविध प्रकार सरले आणि मुख्यतः धनुर्धर प्रकार चालू राहिला. दर्शनी बाजूस धनुष्य घेतलेला राजा, समोर गरुडध्वज, हाताखाली उभ्या अक्षरांत तोकडे नाव. मागे कमळावर बसलेली लक्ष्मी आणि राजाचे बिरुद. नरसिंहगुप्ताचे बिरुद बालादित्य, विष्णुगुप्ताचे चंद्रादित्य. कोरीवकाम ढोबळ झाले, राजाचा चेहरा ओळखू येईनासा झाला.

विष्णुगुप्ताच्या नाण्याचे वजन साडेनऊ ग्रॅमच्या घरात जाते, पण सोने निम्मे किंवा त्याहूनही कमी. निम्मे धरले तरी ते पावणेपाच ग्रॅमच भरते. तराजूत हे नाणे समुद्रगुप्ताच्या नाण्याला भारी ठरे, कसोटीवर मात्र उघडे पडे. त्याचे नेमके कारण एकच सांगता येत नाही. लढायांचा खर्च, गमावलेल्या प्रांतांचा महसूल आणि पश्चिमेकडील व्यापाराची ओहोटी, असे सगळेच त्यामागे असावे. विष्णुगुप्तानंतर गुप्तांचे नाणे सापडत नाही. सातव्या शतकाच्या आरंभी गौडाच्या शशांकाने शिव-नंदीची सुवर्णनाणी पाडली, तीही हिणकसच.

या अखेरच्या राजांची ओळख पटण्यात नाण्यांचा वाटा मोठा आहे. १७८३ मध्ये कलकत्त्याजवळ कालीघाट येथे सापडलेल्या साठ्यात बहुतांश नाणी याच काळातील होती. वॉरन हेस्टिंग्जने त्यांपैकी १७२ नाणी लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे धाडली. थोडी संग्रहालयांत व संग्राहकांकडे गेली, उरलेली बरीचशी आटवली गेली. १९४६ मध्ये भरतपूर संस्थानात बयानाजवळ मिळालेला साठा तुलनेने भाग्यवान. त्याची सूची अ. स. आळतेकरांनी केली. पण तो स्कंदगुप्ताच्या काळापाशीच संपतो, त्यामुळे उत्तरकालीन नाण्यांसाठी कालीघाटचाच आधार घ्यावा लागतो.