ट्रंकेतल्या साड्या आणि उन्हाळ्याचं शिवण

विरेश्वराचा छबिना झाला की आमच्या महाडात ऊन तापू लागतं. सभोवार डोंगर आणि खाली सावित्री, त्यामुळे इथला उकाडा घामाचा. दुपारी मुलं अंगात कपडा ठेवायला तयार नसतात. मैत्रिणींनो, अशा वेळी नवं कापड आणायला बाजारात जाण्याआधी घरातली ट्रंक उघडून पाहा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

ट्रंक म्हटलं की आमच्याकडच्या बायका जरा गप्प होतात. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घराघरांत शिरलं. कपाटं, ट्रंका, गाद्या, सगळं गाळात गेलं. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तोच घाला आला. त्या दुःखापुढे भिजलेल्या साड्यांचं नाव काढायचीही लाज वाटे. मग त्या कशाबशा धुऊन, घडी घालून ठेवून दिल्या. टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत!

माझ्या ट्रंकेत आईच्या चार सुती साड्या होत्या. दरवर्षी ऊन दाखवायचं आणि परत ठेवायच्या. एका मे महिन्यात पोलादपूरच्या वन्सं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “वहिनी, उंदरांसाठी ठेवल्यात का या? आईंनी चिंधीसुद्धा कधी वाया घालवली नसती.” खरंच होतं ते. त्या दुपारी आम्ही दोघी शिवायला बसलो.

आधी पारख

साडी उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. मग कापड दोन्ही हातांनी आडवं-उभं ताणून बघा. चर्र असा आवाज आला तर तो भाग पुसायच्या फडक्यांत घाला. साडी खालच्या कडेला आणि बसण्याच्या जागी आधी विरते. कमरेला खोचलेलं आतलं टोक बहुधा शाबूत असतं.

सुती साड्या अंगातल्या कपड्यांसाठी ठेवा आणि नायलॉन-पॉलिएस्टरच्या पिशव्यांसाठी. नायलॉन घाम टिपत नाही, मुलांच्या अंगाला ते नकोच. तांबड्या मातीच्या डागावर ब्लीच घालू नये, डाग आणखी पक्का होतो. लिंबू आणि मीठ चोळून तासभर उन्हात ठेवावे व मग साबणाने धुवावे. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून पाहावे.

बाजाराची पिशवी

२०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी घरातून निघताना पिशवी विसरतेच! म्हणून चार-पाच शिवून एक दाराशीच अडकवून ठेवावी.

३६ इंच लांब व १६ इंच रुंद असा तुकडा घ्या. साडीचं कापड पातळ, म्हणून आतून जुन्या परकराचं अस्तर लावा. तुकडा मधोमध दुमडून दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर दुहेरी टीप मारा. तोंडाशी दीड इंच दुमड घ्या. पिशवी १५ इंच रुंद आणि साडेसोळा इंच खोल होते. बंदांसाठी २२ इंच लांब, ४ इंच रुंद अशा दोन पट्ट्या चारपदरी दुमडून शिवा. बंद जोडताना चौकोनी टीप मारून त्यात फुली मारा. पाच किलो कांदे-बटाट्यांनीही मग बंद निसटत नाही.

टेबलक्लॉथ

साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. टेबल ३० इंच रुंद असेल तर दोन्हीकडे साडेसात इंच कापड आपसूक खाली येतं. काठ तयारच असल्यामुळे त्या बाजूंना शिवावंच लागत नाही. टेबल ४८ इंच लांब असल्यास ६५ इंच कापड घ्या आणि दोन्ही टोकांना एकेक इंच दुमडा. उरलेल्या कापडाचे १६ इंची चौकोन म्हणजे हात पुसायचे नॅपकिन.

मुलीचा फ्रॉक

चार-पाच वर्षांच्या मुलीसाठी १८ इंच रुंद आणि २४ इंच लांब असे दोन तुकडे पुरतात. दोन्हींच्या वरच्या कोपऱ्यांत २ इंच रुंद आणि ५ इंच खोल असा बगलेचा गोल कापा. बाजू शिवून बगलेला तिरपी पट्टी लावा. पुढच्या-मागच्या भागाला वर एकेक इंचाचा नेफा करा आणि प्रत्येकात ३२ इंचांची नाडी घाला. खांद्यावर बो बांधला की फ्रॉक तयार! बाही नाही, बटण नाही, वारा खेळतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मात्र गळ्याशी नाडी नको, झबलंच बरं.

आणि मशीन?

पायमशीन असेल तर पावसाआधी मागचे दोन स्क्रू सैल करून वरचं हेड काढा, तेल देऊन फडक्यात गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा. लोखंडी स्टँड भिजला तर पुसता येतो, पण हेडात गाळ गेला की खर्च मोठा. माझ्या मशीनने हे मला चांगलंच शिकवलं आहे.

आईच्या तीन साड्यांचे दोन फ्रॉक, एक टेबलक्लॉथ आणि पाच पिशव्या झाल्या. पहिली साडी फाडताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू? पण धाकटी तो फ्रॉक घालून अंगणात पळाली तेव्हा वन्संनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि दोघींचेही डोळे भरून आले. चौथी साडी मी तशीच ठेवली आहे. सगळंच कापायचं असं कुठे आहे? एक आठवणीला असू दे, बाकीच्या घरात वावरू द्या.

तर मग, ट्रंक कधी उघडताय?