पोहण्याचा जोर तळपायात

ओढ्यावर धुणं धुवायला आपणच जातो, शेततळ्यातून बादली भरायलाही आपणच. पण पोहायला शिकले ते बहुतेक घरातले मुलगे. २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस असतो. त्या निमित्ताने आज आपण बेडूक-पोहण्याबद्दल, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकबद्दल बोलू. यात दर हाताला तोंड पाण्याबाहेर येतं, काठ दिसतो आणि दम पुरतो.

या पोहण्यात पुढे नेतात ते मुख्यतः पाय. शिकणारीचं सगळं लक्ष मात्र हातांकडे आणि नाकातोंडाकडे असतं. म्हणून आधार घ्यायचा. आपल्याकडे पूर्वी पाठीला सुका भोपळा बांधत, आता झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा बांधतात. पोहण्याच्या तलावावर फोमची पाटी मिळते, तिला किकबोर्ड म्हणतात. ती दोन्ही हातांनी पुढे धरली की हात मोकळे राहत नाहीत आणि पायांना कामाला लागावंच लागतं.

आधी घरी बाजेवर किंवा बाकावर पालथं पडून सराव करा. गुडघ्यापासून पाय बाहेर राहू द्या.

एक : टाचा हळूच कुल्ल्यांकडे आणा. गुडघे पोटाखाली ओढू नका.
दोन : पावलं बाहेरच्या बाजूला वळवा, बोटं नडगीकडे ओढा.
तीन : तळपाय आणि पोटरीची आतली बाजू यांनी पाणी मागे लोटत पाय गोल फिरवून जुळवा.
चार : पाय सरळ ठेवून थांबा. अंग आपोआप पुढे सरकतं, तीच विश्रांती.

सगळ्यात जास्त चुकतं ते दुसऱ्या पायरीवर. पावलं वळली नाहीत तर पाय नुसते पाणी कापतात आणि आपण जागच्या जागी राहतो. एक पाय वळला, दुसरा नाही, तर कात्री होते. अशा वेळी मैत्रिणीने मागे उभं राहून पावलं हाताने वळवून द्यावीत. गुडघे फार फाकत असतील तर मांड्यांमध्ये फोमचा छोटा तुकडा धरा. तो सुटला की चूक लगेच कळते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं तर थांबा, जोर करू नका.

पाय जमले की आधार कमी करायचा. आधी पाटीवर एकच हात ठेवा, मग पाटी सोडून हात पुढे ताणून पाय मारा. आधार कायमचा राहिला तर पोहणं आलं असं होत नाही.

आता सांभाळायच्या गोष्टी. साडी पायात गुंतते, म्हणून अंगाबरोबरचा सलवार-कुर्ता घाला. छातीइतक्या स्थिर पाण्यात, चांगलं पोहणारी व्यक्ती जवळ असतानाच शिका. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात सराव नकोच. त्याचा उतार निसरडा असतो, वर चढता येत नाही. पाटी हातातून सुटते, डब्याची दोरी सैल होते. ही शिकायची साधनं आहेत, जीव वाचवायची नव्हेत.

आणि कुणी बुडताना दिसलं तर नवशिकीने उडी मारू नये. आरडाओरडा करून माणसं बोलवा. काठावर आडवं होऊन काठी किंवा साडीचं टोक पुढे करा, दोरी बांधलेला रिकामा डबा फेका. शेततळ्याच्या काठी अशी दोरी आणि डबा कायम ठेवा. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या, आणि मुलींनाही सोबत आणा.