भंगारात ज्याला भाव नाही

दुधाची रिकामी पिशवी भंगारवाला वजनावर घेतो, वेफर्सचे पाकीट घेत नाही. पाकिटात निरनिराळ्या प्लॅस्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, आतून ॲल्युमिनियमचा चंदेरी मुलामा असतो आणि हे सगळे सुटे करून वितळवणे कुणालाच परवडत नाही. कचरावेचकाला त्याचे पैसे मिळत नाहीत, मग तो ते उचलेल कशाला? पुण्यातले रिचरखा आणि इकोकारी हे उपक्रम किंवा कच्छमधली खमीर ही संस्था असल्या टाकाऊ प्लॅस्टिकपासून हातमागावर कापड विणतात. या कापडामुळे कचरा कमी होतो, असे त्याचे कौतुक होते. ते कौतुक चुकीच्या जागी पडते आहे, असे मला वाटते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३५ कोटी टन प्लॅस्टिक कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला. या डोंगरापुढे हातमाग तो किती पुरा पडणार?

या कापडाचे खरे काम वेगळे आहे, आणि ते विणण्याच्या पद्धतीतच दडलेले आहे. गोळा केलेले प्लॅस्टिक आधी धुवायचे, वाळवायचे, रंगांप्रमाणे निवडायचे, मग कात्रीने त्याच्या लांब पट्ट्या कापायच्या. या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून घेतल्या की त्या बाण्याला वापरतात. ताण्याला नेहमीचा धागा असतो. पट्टी सुतासारखी एकजीव नसते. ती मध्येच सुटते, जोडावी लागते, फणी जपून ठोकावी लागते. रंग मात्र आयते मिळतात. कॅरीबॅगेचा निळा, पाकिटाचा लाल, मधूनच चमकणारी चंदेरी रेघ आणि जवळून पाहिले तर छापील अक्षराचा एखादा तुटका काना. पाच मिनिटांत रिकाम्या होणाऱ्या पाकिटामागे इतके हात राबलेले दिसले, की ‘फुकट’ मिळालेल्या वेष्टनाचा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो. हेच दुसरीकडेही दिसते: ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टोरेस सामुद्रधुनीतल्या एरुब बेटावरचे कलावंत समुद्रात सोडून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांपासून कासवे आणि शार्क घडवतात. त्याने समुद्र स्वच्छ होत नाही. पण ज्या जाळ्यात कासव अडकून मरते, त्याच जाळ्याचे कासव पाहिल्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

यात आपल्याकडे नवे काय, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतच होतो, असे कुणी म्हणेल. पण गोधडीत जाणारे लुगडे वर्षानुवर्षे नेसून विरलेले असे आणि गोधडीही शेवटी मातीत मिळे. वेफर्सचे पाकीट विरत नाही, आणि त्याच्या कापडाची पिशवी शिवली तरी ते प्लॅस्टिकच राहते.

अधिक गंभीर आक्षेप असा, की सुंदर पिशवी हाती आली की माणूस निर्धास्तपणे आणखी पाकिटे विकत घेतो आणि पाकिटे बनवणाऱ्या कंपन्यांनाही मिरवायला एक निमित्त मिळते. हा धोका खरा आहे. पाकिटाची ओळख पुसून, नुसते ‘पर्यावरणपूरक’ असे लेबल लावून कापड विकले, तर ती जाहिरातच ठरेल. अक्षरांचे तुकडे दिसू देणे म्हणूनच महत्त्वाचे. कचरा रोखायची जबाबदारी मात्र या कापडाची नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली, तरी भाजीच्या गाड्यांवर त्या दिसतातच. बंदी पाळायला लावणे हे सरकारचे काम आहे, ते विणकर बाईच्या गळ्यात घालू नये. अशा पिशव्या महाग असतात, या तक्रारीत मात्र मला फारसे तथ्य वाटत नाही: धुण्यापासून विणण्यापर्यंतची मजुरी त्या किमतीत आहे. अशी पिशवी घेणार असाल तर दुकानदाराला एकच विचारा: फाटल्यावर परत घेता का?